पहिल्या धारेचं स्पिरिट

स्पिरिट सुकायच्या आत मी लस लावली. एकाच्या दंडावर नाही, अख्ख्या गावाच्या.

ही चूक सांगितली की ऐकणारा माझ्या तोंडाकडे बघत राहतो आणि विचारतो, "बरं, मग?" त्याला त्यात काही दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. म्हणून जरा मागून सांगतो.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा नागपूरच्या राज्यात होता आणि गडचिरोली हा त्या जिल्ह्यातला नुसता एक तालुका. बाकी सगळं जंगल, मधूनमधून धानाची बांधी आणि तलाव. देवी टोचायच्या नोकरीला लागलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मॅट्रिकच्या गणितात दोनदा आपटलो होतो, त्यामुळे सरकारने मला माणसं टोचायला लावलं. मोजायला लावलं असतं तर नुकसान कमी झालं असतं. खाकी चड्डी, बूट, खांद्याला पेटी. गावं मला डॉक्टर म्हणत. मी एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही.

चांद्याला आम्हाला थोडं शिकवलं होतं. शिकवणारे साहेब कंटाळलेले होते. त्यांनी फळ्यासमोर उभं राहून तीन वाक्यं सांगितली. दंड स्पिरिटने पुसा. पूर्ण सुकू द्या. मग लस लावा. मधल्या वाक्याच्या वेळी खिडकीबाहेर दोन बोकडांची टक्कर चालली होती आणि मी ती बघत होतो. टक्कर फार छान झाली. पांढरा जिंकला. हे मला अजून आठवतं, यावरून माझ्या डोक्याची ठेवण कळावी.

लस नागपूरहून यायची. केरसुणीच्या काडीएवढ्या बारीक काचेच्या नळ्या, प्रत्येकीत थेंब-दोन थेंब. ती जिवंत असते, उन्हाने मरते, एवढं मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून मी मातीच्या मडक्यात ओली रेती भरायचो, रेतीत नळ्यांची डबी पुरायचो आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळायचो. बैलगाडीत मडकं सावलीला आणि मी उन्हात. वाटेत नाला लागला की मडक्याला आधी पाणी, मग मला. माझ्या आईला मी आयुष्यात इतकं जपलं नाही. दोन दिवस असं लेकरासारखं सांभाळून नेलेलं ते औषध मी गावात पोचल्यावर स्वतःच्या हाताने ठार मारत होतो.

ते गाव चामोर्शीपासून बैलगाडीने दोन दिवस आत. मोठ्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वसलेलं. अर्धी वस्ती धान करणाऱ्या कुणब्यांची, अर्धी तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांची. पौष सरत आला होता, धान घरात आलं होतं, माणसं घरी सापडण्याचे तेवढेच दिवस. कोतवालाने दवंडी दिली आणि पाळीवरच्या चिंचेखाली मी पेटी उघडून बसलो.

कुणी आलं नाही. पोरं लांबून बघत होती. मी पेटीतून फिरकी काढली तशी तीही पळाली.

फिरकी म्हणजे टोचायचं हत्यार. पितळी दांडी, टोकाला बोटाच्या नखाएवढी चकती आणि चकतीला बारीक दाते. दंडावर टेकवायची आणि हलकेच वळवायची. कातडी नुसती खरचटली पाहिजे. रक्त आलं तर लस त्याबरोबर वाहून जाते. अशा चार जागा करायच्या आणि प्रत्येकीवर नळीतला थेंब जिरवायचा. चांगल्या हाताखाली लेकरू जागंसुद्धा होत नाही. माझ्या हाताखाली पलीकडच्या गावची लेकरं जागी व्हायची.

तर कुणी येईना. मी चिडून स्पिरिटची बाटली उघडली, उगाच काहीतरी करायचं म्हणून. वास सुटला. कोतवालाचं नाक हललं.

"कायचा वास हो, डॉक्टर?"

"औषध आहे."

"औषध कायचं? मले काय सांगता!" तो जवळ येऊन बसला. सुकलेल्या शेंगेसारखा बारका, पन्नाशीचा माणूस. डोक्याला पटका. "जरासं द्या."

मी झाकणभर दिलं. तो प्यायला नाही. शेजारी कुणीतरी शेकोटी केलेली होती, तिच्यावर त्याने झाकण उडवलं. भक्क करून निळा जाळ उठला. बघणाऱ्यांच्या तोंडून एकदम "अबब" निघालं.

त्या भागात मोहाची दारू अशीच तपासतात. विस्तवावर शिंपडायची. निळी पेटली तर पहिल्या धारेची, अस्सल. धूर झाला तर दुसऱ्या-तिसऱ्या धारेची, पाव्हण्यालाही देऊ नये अशी. आणि पहिल्या धारेची दारू आधी देवाची असते. नवं धान, नवं जाळं, नवी नाव, कशालाही हात लावण्याआधी तिचे थेंब जमिनीवर शिंपडतात, मग कामाला सुरुवात.

कोतवाल उठला आणि वस्तीकडे तोंड करून ओरडला, "अरे या ना बे! पयल्या धारेची आणली सरकारनं! दंडावर शिंपडून देऊन राह्यले, मंग टोचून राह्यले. रीतीनं आहे सारं!"

आणि लोक आले. आले म्हणजे रांग लागली. मीही ओळखलं की यांना टोचण्यापेक्षा शिंपडणं महत्त्वाचं आहे. मग मी काटकसर सोडली. बोळा पुरता भिजवायचा, दंडावर असा पिळायचा की धार कोपरापर्यंत गेली पाहिजे. म्हातारे डोळे मिटून वास घेत. एकाने कोपरावरचा ओघळ चाटला. दंड ओला चिंब असतानाच मी फिरकी फिरवायचो आणि त्याच ओलीवर लस सोडायचो. जो जंतू टिकवायला मी दोन दिवस उन्हात भाजलो, तो त्या स्पिरिटात एका दमात मरत होता. रांग लांब होती, थांबायला वेळ कुठे होता? आणि थांबायचं असतं हे वाक्य तर बोकडांनी खाल्लं होतं.

त्यात दुसरी गंमत. हलक्या हाताने केलं तर लोक दंड वळवून वळवून बघत आणि म्हणत, "रगत तं आलंच नाई. असं कोनी टोचते?" मग मी रक्त काढून दाखवू लागलो. फिरकी रुतवून पुरा एक फेरा. पोरं किंचाळत. दोघांनी हात धरायचे, एकाने पाय, कोतवालाने डोकं. माझा घाम गळत होता आणि मला वाटत होतं, काय काम करतोय आपण! कोतवालाने त्याचा नातू स्वतः मांडीवर घेऊन दिला. जेमतेम चालायला लागलेला, गुबगुबीत. कोतवाल म्हणाला, "याले जरा जास्ती शिंपडा, डॉक्टर." मी जास्ती शिंपडलं.

रांग संपत आली तेव्हा एक बाई आपण होऊन आली. तिला कुणी ओढून आणलं नव्हतं. ढिवर वस्तीतली, मासोळ्यांची पाटी घेऊन बाजार करणारी. तोंडभर देवीचे वण आणि उजवा डोळा पांढरा. नवरा दोन वर्षांपूर्वी तलावात बुडून गेला होता. पाच-सहा वर्षांची एकुलती पोरगी तिच्या हाताला होती. त्या पोरीचं तोंड मात्र स्वच्छ होतं, घासलेल्या पितळी गडव्यासारखं.

"हिले पक्की काढ," बाई म्हणाली. "माहं तोंड पाह्य. हिचं असं नाई झालं पायजे."

"असं होणारच नाही."

"तोंडानं नोको सांगू. टोच."

सबंध गावात लस कशासाठी असते हे ठाऊक असलेली ती एकटी होती. बाकीचे दारूसाठी आले होते. मी तिच्याही पोरीवर पूर्ण बोळा पिळला, चार फेरे फिरवले. पोरगी रडली नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मला ते आवडलं नाही. मी टोचलेली पोरं रडतात, असा माझा लौकिक होता.

तिथून मी नदीकडच्या दुसऱ्या गावी गेलो. तिथे पोचेपर्यंत स्पिरिट संपलं होतं. आधीच्या गावात निम्मं दंडांवर सांडलं आणि उरलेलं निघताना कोतवालाने "देवासाठी" मागून घेतलं होतं. मी त्या गावच्या पाटलाची माफी मागितली आणि नुसत्या विहिरीच्या पाण्याने दंड पुसून टोचलं. मला लाज वाटत होती. यांना आपण दुय्यम काम देतोय, असं वाटत होतं.

आठव्या दिवशी लस उठली का ते बघायला परत फिरायचं असतं. पाण्याने पुसलेल्या त्या दुय्यम गावात घरोघर सारख्या उठल्या होत्या. मोत्यासारखे गोल फोड, मध्ये खळगी, भोवती लाल कडं. मी स्वतःवर खूश झालो. म्हटलं, हात बसला आपला.

मग तलावाच्या गावी आलो. तिथे निम्म्या दंडांवर काहीच नव्हतं, नुसत्या सुकलेल्या चार खरचट्या. आणि निम्म्या दंडांवर भलतंच होतं. जिथे मी फिरकी रुतवली होती तिथे जखमा चिघळल्या होत्या, पिवळा पू, काखेत गाठी, माशा. कोतवालाच्या नातवाचा दंड त्याच्या मांडीएवढा सुजला होता. कोतवाल मात्र खुशीत होता.

"काय जोर आहे तुमच्या औषधात! पोट्टं आठ दिस झोपलं नाई."

मी वहीत लिहिलं: उठली. जिथे पू होता तिथे लिहिलं, उठली. जिथे काहीच नव्हतं तिथे जरा थांबलो आणि तिथेही लिहिलं, उठली. साहेबांना सगळ्या उठलेल्या आवडत.

मासोळ्यांची बाई पोरीला घेऊन समोर उभी राहिली. पोरीचा दंड उघडा केला. चार फिकट खरचट्या.

"उठली काऊन नाई?"

मी म्हणालो, "काही जणांच्या अंगात मुळातच जोर असतो, त्यांना उठत नाही. तुझी पोर वाघीण आहे."

"नाई. माह्या बहिणीच्या पोट्ट्याले चामोर्शीच्या बजारात काढली होती, त्याले असा मोत्यावानी फोड आला होता. हिले तं नुसतं मांजरानं ओरबाडल्यावानी झालं. पुन्हा टोच."

मडक्यात नळ्या शिल्लक होत्या. रेती ओली होती, सावली होती, मी रिकामा होतो. दोन मिनिटांचं काम. पण भोवती माणसं जमली होती आणि एक मासे विकणारी बाई मला माझं काम शिकवत होती.

"बाई," मी म्हणालो, "लस उठली की नाही हे ओळखायला मला दोन डोळे पुरत नाहीत. तुला एकाने काय दिसणार?"

लोक हसले. कोतवाल तर गुडघ्यावर थाप मारून हसला. आपण फार हजरजबाबी आहोत, असं मला वाटलं. बाई हसली नाही आणि चिडलीही नाही. तिने पोरीच्या दंडावर पदर ओढला.

"चाल वो माय," ती पोरीला म्हणाली. "याले टोचता नाई येत."

पोरगी जाता जाता मान वळवून माझ्याकडे बघत होती.

फाल्गुनात मोह गळायला लागला. पहाटे सगळी वस्ती टोपल्या घेऊन जंगलात फुलं वेचायला जाते, ते दिवस. कुणी म्हणालं आरमोरीच्या बाजारातून आली, कुणी म्हणालं लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर आली. कुठूनही असो, देवी आली ती थेट तलावाच्या गावी. नदीकडच्या त्या दुय्यम गावात तेच वऱ्हाड दोन दिवस राहिलं होतं, तिथे कुणाला साधा तापही आला नाही.

वरून हुकूम आला आणि मी गेलो. माझ्याबरोबर एका म्हाताऱ्या टोचणाऱ्याला पाठवलं. त्याची चाकरी संपत आलेली होती, हात कापायचे, बोलणं कमी. माझी वही त्याने वाटेत गाडीत वाचली. पानामागून पान, उठली, उठली, उठली. शेवटी ती मिटून स्वतःच्या बुडाखाली घेतली आणि तिच्यावर बसला. पुढचा सगळा प्रवास तो माझ्या वहीवर बसून होता.

गावाच्या शिवेवर कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या होत्या. चिंचेखाली शेकोटी नव्हती, कुणाच्या घरातून फोडणीचा वास नव्हता. घरात माता आली की तळण नाही, मांस नाही, मासोळी नाही. ढिवर वस्तीतली जाळी काठ्यांवर कोरडी पडली होती. कोतवाल पाळीवर उभा होता. मला बघून तो वळला. आत गेला आणि फावडं घेऊन आला. ते त्याने माझ्या हातात दिलं.

"चाला, डॉक्टर."

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा दुसरीकडे बघत होता.

देवीने गेलेली लेकरं जाळत नाहीत, पुरतात. तलावाच्या मागे बोरीच्या झुडपात जागा होती. तिथली माती उन्हाने दगड झालेली. मला खणता येत नव्हतं. अर्धा हात खोल गेल्यावर माझ्या तळव्यांना फोड आले. कोतवाल शेजारी उकिडवा बसला होता, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला नातू. पहिल्यासारखाच मांडीवर घेतलेला. मी दम खायला थांबलो की तो तेवढंच म्हणायचा, "आनखी." शिव्या दिल्या नाहीत, रडला नाही. पुरेसं खोल झाल्यावर त्याने पोर खाली ठेवलं, कमरेची बाटली काढली आणि चार थेंब शिंपडले. माझ्याच बाटलीत भरून ठेवलेलं होतं ते, माझंच स्पिरिट. वास आला. तो वास आजही एखाद्या दवाखान्यात आला तरी माझे तळवे हुळहुळतात.

परत आलो तर म्हातारा पेटी मांडून बसला होता.

"कर," म्हणाला. "तू कसं करतोस ते दाखव. माझ्या दंडावर कर."

मी बोळा भिजवला, पिळला, फिरकी उचलली. त्याने माझं मनगट धरलं. कापणारा हात, पण पकड सुताराची.

"किती वेळ थांबतोस?"

"थांबायचं कशाला?"

म्हाताऱ्याने माझ्या हातातली फिरकी काढून घेतली. मग हळू आवाजात, जणू ढोराला समजावतोय असं, त्याने सांगितलं. स्पिरिटाने अंगावरचे जंतू मरतात. लस हा पण जंतूच. ओल्यावर टाकलास की तोही मेला. त्यापेक्षा साध्या पाण्याने पूस, पण सुकू दे. आणि रुतवून रक्त काढलंस ती लस नव्हे, ती जखम. वण दोन्हीचा राहतो. वण बघून देवी फसत नाही, फक्त साहेब फसतात.

मला बोकड आठवले. पांढरा जिंकला होता.

लोक आता दंड द्यायला तयार नव्हते. का द्यावेत? शेवटी कोतवाल म्हणाला, "पयले त्याले टोचा. आमच्या डोयापुढं." आणि म्हाताऱ्याने चिंचेखाली मला बसवलं. दोघांनी माझे हात धरले, एकाने पाय. गरज नव्हती, पण त्यांना धरायचं होतं. म्हाताऱ्याने पाण्याने दंड पुसला, वाळू दिला. वाळेपर्यंत सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि मी बघत होतो की किती थोडा वेळ लागतो. एक विडी पेटवायला लागतो तेवढा. मग फिरकी टेकवली, वळवली. मला काही जाणवलंसुद्धा नाही. "झालं," म्हातारा म्हणाला. लोकांची निराशा झाली. मी ओरडेन, अशी सगळ्यांची आशा होती.

त्यानंतर एकेक जण आला, ज्यांना ताप नव्हता ते सगळे. फक्त ती मासोळ्यांची बाई आली नाही.

"तिची पोट्टी पडली आहे," कोतवाल म्हणाला. "चार दिस झाले."

दुसऱ्या दिवशी म्हातारा पुढच्या गावांना निघाला. जाताना फिरकी, नळ्या, पेटी सगळं घेऊन गेला. मला म्हणाला, "तू इथंच थांब. टोचायचं नाही. पाणी भर."

म्हणून मी पाणी भरलं. बाईला घर सोडता येत नव्हतं, माता घरात असताना सोडतही नाहीत, आणि तिच्या अंगणात पाय ठेवायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मी सकाळी-दुपारी विहिरीवरून दोन घागरी आणून उंबऱ्याबाहेर ठेवायचो. ती दार अर्धवट उघडून घ्यायची. पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं.

"बाई, माझं चुकलं—"

"घागर नीट ठेव. सांडून राह्यली."

पोर आत निंबाच्या पाल्यावर होती. दारातून दिसायची. तोंड म्हणून काही उरलंच नव्हतं. फोडाला फोड चिकटलेला, पापण्या सुजून मिटलेल्या आणि पूने सांधलेल्या. बाई शेजारी बसून निंबाच्या डहाळीने वारा घालायची आणि पोटच्या पोरीला अहो-जाहो करायची, कारण अंगात माता होती. "पाणी घ्या, माय. हात नोका लावू, माय." म्हाताऱ्याने जाताना तिला बजावलं होतं की चिकटलेलं ओढायचं नाही, उकळून कोमट केलेल्या पाण्याने भिजवत राहायचं, नशीब असेल तर उघडतील. ती भिजवत होती. ताप उतरला. पोर जगणार हे कळलं. प्रश्न फक्त डोळ्यांचा उरला.

"माहा असाच गेला होता," बाई एकदा म्हणाली. मला नव्हे, घागरीला. "ताप उतरला, सारे म्हणे वाचली. आठ दिसानं उघडला तं पांढरा."

रोज घागर ठेवली की मी दारातून बघायचो. पापण्या मिटलेल्याच. खपल्या धरू लागल्या. मी नवस केला नाही, नवसाला तोंड लागतं. नुसतं पाणी भरत होतो. दरम्यान माझ्या दंडावर फोड उठला. गोल, खळगीचा, लाल कडं असलेला, अगदी मोत्यासारखा. माझ्या हाताखाली असा एकही या गावात उठला नव्हता. मी बाही खाली ओढून हिंडलो.

मग एका सकाळी दार पुरतं उघडं होतं.

"आत ये," बाई म्हणाली.

मी उंबऱ्यावरच थबकलो. पोर भिंतीला टेकून बसली होती. खपल्या पडायला लागल्या होत्या आणि त्यांच्या खाली खड्डेच खड्डे. घासलेल्या गडव्याचं जे होतं ते गेलं होतं, कायमचं. डाव्या पापणीची फट पडली होती आणि आत पांढरं दिसत होतं. उजवी अजून मिटलेली. बाईच्या हातात कोमट पाण्याचं फडकं होतं.

"इथी उभा राह्य. उजेडात. तोंड इकडं कर." बाईने मला कवाडाजवळ उभं केलं. "बोलू नको. खोकू बी नको. आवाजानं वळखंल."

"मीच कशाला? कोतवाल—"

"कोतवालाले ते वासानं वळखते. आता बोललास तं पाय मोडीन."

ती पोरीच्या उजव्या पापणीवरून फडकं फिरवत राहिली. एकदा, दोनदा, पुन्हा भिजवून तिसऱ्यांदा. ओढलं नाही. मी श्वास धरून उभा होतो. पापणी थरथरली, कडेने सुटली आणि जरा वर उचलली गेली. आत काळं बुबुळ होतं. ते उजेडाला दचकलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इकडे फिरलं, तिकडे फिरलं आणि माझ्यावर येऊन थांबलं. पौषात चिंचेखाली बघत होती तशीच बघत राहिली.

बाईने फडकं खाली ठेवलं.

"सांग वो माय. समोर कोन उभं आहे?"

पोरीने मला वरून खालपर्यंत बघितलं, घाई न करता.

"टोचता नाई येत, तो."